नोकरी गेली, झोप जाऊ देऊ नका

डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या जनरल मोटर्समधील उत्पादन थांबले. चाकण-पिंपरी पट्ट्यातल्या आपल्या अनेक घरांना ही धास्ती असतेच. पगार थांबतो, घराचा हप्ता थांबत नाही. मग झोप उडते, रक्तदाब वाढतो, कोणी दारूकडे वळतो.

आपण लपून बसायचे नाही. हप्ता चुकण्याआधीच बँकेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागू. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते एनपीए होते. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. हप्त्यासाठी सावकाराचे नवे कर्ज काढू नये. रक्तदाबाच्या गोळ्यांत काटकसर करू नये. घरच्यांना खरे सांगावे. मन खचले तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.