‘सामना’ : खाल्ल्या मिठाचा प्रश्न

कर्नाळ्याच्या ठाकरांवरचा ‘जैत रे जैत’ (१९७७) पनवेलकरांना आपला वाटतो. त्याच डॉ. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट ‘सामना’ (१९७४) मात्र आपल्या भातखाचरांपासून दूर, उसाच्या मुलखात घडतो. त्यामुळे की काय, आमच्या मित्रमंडळींना त्याचे नाव ठाऊक असते, कथा नसते. म्हणून हे चार शब्द.

तमाशापटांच्या त्या काळात कवी रामदास फुटाणे यांनी हा वेगळ्या वाटेचा चित्रपट निर्माण केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचे. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेला.

साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) दारूच्या नशेत पडलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरला (डॉ. श्रीराम लागू) घरी आणतो. मास्तर एकेकाळचा ध्येयवादी. आता सारे हरवून बसलेला. हिंदुराव त्याला खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी बोलण्यात रमतो. सारा गाव ज्याला वचकून असतो, त्याला बरोबरीने बोलणारा माणूस हवाच असतो! पुढे मास्तरच्या कानावर मारुती कांबळे या माजी सैनिकाचे नाव येते. हा माणूस गावातून नाहीसा झालेला. त्याचे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर विचारत सुटतो.

आता प्रश्न असा, की ज्याचे मीठ खाल्ले त्यालाच आरोपी करावे काय? मला वाटते, चित्रपटाचे खरे मर्म येथे आहे. हिंदुराव केवळ खलनायक असता, तर हा झगडा सोपा होता. पण त्याचा स्नेह खरा आहे, आणि मास्तरलाही तो कळतो. गुन्हेगाराची दारू पिऊन गप्प बसणे म्हणजे त्या गुन्ह्यात वाटेकरी होणे, हे टोचणे मास्तरला स्वस्थ बसू देत नाही. वैऱ्याचा प्रश्न हिंदुरावाला सहज झटकता आला असता. मित्राचा प्रश्न मात्र झटकता येत नाही. अखेर तो पोलिसांच्या हाती जातो, तेव्हा मास्तर जिंकला असे म्हणवत नाही. एक मित्र त्याने गमावलेला असतो.

आपल्याकडे ऊस नाही, साखरसम्राट नाहीत. पण उपकाराखाली मिंधे झालेले तोंड कुठल्या गावात नसते? निळूभाऊ २००९ साली गेले, डॉ. लागू २०१९ साली. मास्तरचा प्रश्न मात्र अजून उभा आहे. मित्रहो, ‘सामना’ जरूर पाहा. आणि पाहून झाल्यावर आपण कुणाकुणाचे मीठ खाऊन गप्प आहोत, याचाही हिशेब मांडा.