सुवर्णपदक आणि कुदळ : पैलवान कारोय कारपाती

 

आज एका पैलवानाची गोष्ट सांगतो. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल. कारोय कारपाती. जन्म 1906, हंगेरीतलं एगेर हे गाव. घराणं ज्यू, मूळ आडनाव केल्नर.

आधी त्याच्या कुस्तीबद्दल थोडं. ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे दोन प्रकार असतात. ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली हात लावायचा नाही. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरता येतो, पट काढता येतो, म्हणून ती आपल्या कुस्तीला जवळची वाटते. त्या काळी गुण उलटे मोजायचे. चीतपट करून जिंकलात तर वजा गुण शून्य, निकालावर जिंकलात तरी एखादा वजा गुण पदरात पडायचा आणि हरलात तर जास्त. पाच झाले की पैलवान बाहेर. म्हणजे नुसतं जिंकून भागत नसे, कसं जिंकलात तेही पाहिलं जाई.

कारपाती 1928 साली अ‍ॅमस्टरडॅमहून पदकाविना परतला. 1932 साली लॉस एंजेलिसला फ्रीस्टाइलच्या लाइटवेट गटात त्याला रौप्य मिळालं. सुवर्ण फ्रान्सच्या शार्ल पाकोमनं नेलं.

मग आलं 1936 चं बर्लिन. हे ऑलिंपिक आपल्याला आठवतं ते ध्यानचंदमुळे. तेही फौजी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही तेव्हा बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. जर्मनीत आदल्या वर्षीच न्यूरेंबर्गचे कायदे होऊन ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. त्याच देशाच्या राजधानीत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, हा तिशीचा ज्यू पैलवान जर्मनीच्या वोल्फगांग एर्लला हरवून लाइटवेटचं सुवर्ण घेऊन गेला. हंगेरीचा झेंडा वर चढला.

गोष्ट इथे संपवली असती तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. पण पुढचं सांगायला हवं, आणि ते मी माजी सैनिक म्हणून सांगतो.

दोनच वर्षांत, 1938 पासून, हंगेरीनं स्वतःच ज्यूविरोधी कायदे करायला सुरुवात केली. 1939 साली श्रमसेवेचा कायदा आला. ज्यू पुरुषांना सैन्याबरोबर न्यायचं, पण हातात बंदूक द्यायची नाही. द्यायची कुदळ आणि फावडं. दंडाला पिवळी पट्टी. खंदक खणायचे, सुरुंग काढायचे. ज्याच्यामुळे देशाचा झेंडा चढला त्या कारपातीलाही यातून सूट मिळाली नाही. पूर्व आघाडीवर डाविडोव्का इथल्या छावणीत तो होता.

तिथेच अत्तिला पेत्शाउअर होता, तलवारबाजीत हंगेरीला 1928 आणि 1932 ची सांघिक सुवर्णपदकं मिळवून देणाऱ्यांपैकी एक. त्याच्या शेवटाची हकीकत कारपातीनं पुढे सांगितली. त्याच्या सांगण्यानुसार, ऑलिंपिक खेळलेल्या एका अधिकाऱ्यानंच पेत्शाउअरला ओळखलं आणि पहारेकऱ्यांच्या हवाली केलं. कडाक्याच्या थंडीत त्याला कपडे काढून झाडावर चढवलं, कोंबड्यासारखं आरवायला लावलं आणि अंगावर पाणी मारलं. 1943 च्या जानेवारीत तो गेला.

मी तीस वर्षांहून जास्त वर्दी घातली. पलटणीत पहिला धडा हा असतो की, हाताखालच्या माणसाची जबाबदारी अधिकाऱ्याची. तो उपाशी असेल तर आपण जेवायचं नाही. ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या पहारेकऱ्यांपेक्षा जास्त राग मला त्या अधिकाऱ्याचा आला. खांद्यावर तारे होते, तोंडातून एक शब्द काढला असता तर माणूस वाचला असता.

कारपाती जगला. युद्धानंतर पुन्हा कुस्तीकडेच वळला, प्रशिक्षक झाला, नवे पैलवान घडवले. 1996 साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी बुडापेस्टला त्याचं निधन झालं.

पदकानं माणूस सुरक्षित होतो असं आपण समजतो. तसं नसतं. ज्याला पदक नाही, नाव नाही, त्यालाही कायदा आणि वर्दी सारखीच राखत असतील, तरच पदकवालाही सुरक्षित. तुमच्या गावच्या तालमीत पोरांना डाव शिकवाल तेव्हा ही गोष्टही सांगा.

जय हिंद.