पीक राखणीची बंदूक : नळी किती लांब हवी?

चिकलठाणा - विमानतळ आणि औद्योगिक वसाहतीने वेढलेले चिकलठाणा मागे टाकून जालना रस्त्याने पुढे गेले, की शेते सुरू होतात. कोवळ्या हरभऱ्यावर उतरणारी हरणे, रोही आणि रानडुकरे हा मराठवाड्यातील शेतकऱ्यांचा जुना जाच. रात्र-रात्र जागूनही पीक हातचे गेले, की परवान्याच्या बंदुकीचा विचार मनात येतो. मग तिची नळी किती लांब असावी, हा प्रश्नही ओघाने येतोच.

शिकारीला मुभा असलेल्या देशांत हरणासाठी साधारणतः २० ते २४ इंच नळीची रायफल वापरतात. दारू जळून निर्माण होणारा वायू गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलत राहतो; त्यामुळे नळी लांब असेल तर वेग वाढतो. मात्र, मध्यम ताकदीच्या काडतुसात ही वाढ इंचामागे सेकंदाला सुमारे २० ते ३० फूट एवढीच असते. गोळीचा वेग २७०० फुटांच्या घरात असताना दोन इंचांनी पडणारा फरक शंभर-दीडशे मीटरवर जाणवतही नाही. लांब नळी झुडपांत अडकते, वजन वाढवते. आखूड नळीचा आवाज कानठळ्या बसवतो. लांब नळीचा नेम अधिक अचूक असतो, हा मात्र समजच. दुर्बिणीविना, साध्या माशीवरून नेम धरताना तिचा थोडा उपयोग होतो, इतकेच.

भारतीय शेतकऱ्यापुढे ही निवड नसतेच. शस्त्र अधिनियम १९५९ मधील कलम १३ पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगते. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते आणि तिची नळी किमान २० इंच असावी लागते. या तरतुदीत रायफलचा उल्लेख नाही. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाना देतात. आखूड बंदूक कपड्यांत लपवता येते, म्हणून कायदा तिच्याकडे संशयाने पाहतो. परवान्याची बंदूक हाताळायला सोपी व्हावी म्हणून परस्पर नळी कापून घेणे हा कलम ६ चा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. गावच्या लोहाराला हे काम सांगण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतलेले बरे.

खरी मेख पुढेच आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रोही आणि रानडुकरे पिकांची नासाडी करत असतील, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. वैजापूर-येवला पट्ट्यातील माळांवर कळपाने दिसणारे काळवीट आणि चिंकारा मात्र पहिल्या अनुसूचीत आहेत. माणसाच्या जिवाला धोका किंवा प्राण्याची असाध्य अवस्था, याच कारणांवरून त्यांच्याबाबत परवानगीचा विचार होतो. पिकाचे नुकसान हे कारण त्यात बसत नाही. काळवीट मारल्यास तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. तेथे नळी १८ इंचांची की २८, याला अर्थ उरत नाही.

हरणांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई वन विभागाकडून मिळते. मात्र त्यासाठी नुकसान दिसताच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो. शेत नांगरल्यावर केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही.