त्वचेच्या तापमानाचा नकाशा

कपाळाला हाताची पाठ लावून ताप आहे का हे पाहण्याची पद्धत घरोघर आहे. २०२० आणि २०२१ या करोनाच्या काळात हेच काम शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या दारात पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या तापमापकांनी केले. उन्हातून चालत आलेला धडधाकट मुलगा अशा यंत्राला तापलेला वाटू शकतो आणि गार वाऱ्यातून आलेल्याचा खरा ताप निसटू शकतो. असे का व्हावे?

शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस असते असे आपण वर्गात सांगतो. ते मेंदू, हृदय, यकृत अशा आतल्या अवयवांचे. त्वचेला असे एकच एक तापमान नसते. साधारण २५ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाचे कपाळ आणि छाती ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असते. हातापायांची बोटे मात्र कित्येक अंशांनी थंड असू शकतात. गारवा वाढला की शरीर बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आक्रसून घेते आणि आतली उष्णता राखते. उकाड्यात त्याच वाहिन्या रुंदावतात. म्हणजे त्वचा ही शरीराची उष्णता सोडण्याची किंवा अडवण्याची झडपच आहे. झडपेवरून भट्टीचे तापमान ओळखणे अवघड, हे उघड आहे.

हा सारा नकाशा स्पर्श न करता पाहता येतो, कारण प्रत्येक उबदार वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवून विल्यम हर्शेल यांनी १८०० साली हे किरण शोधले. ३३ अंशांची त्वचा सर्वांत जास्त प्रारण सुमारे ९.५ मायक्रोमीटर तरंगलांबीला सोडते. तांबडा प्रकाश ०.७ मायक्रोमीटरच्या जवळपासचा, म्हणजे हे किरण त्याच्या तेरा-चौदा पट लांब तरंगांचे. (टीव्हीच्या रिमोटमधले अवरक्त किरण तांबड्याला अगदी लागून असतात, विद्यार्थी या दोहोंत हमखास गल्लत करतात.) या तरंगलांबीला माणसाची त्वचा जवळजवळ आदर्श कृष्ण पदार्थासारखी वागते. तिची उत्सर्जकता ०.९८ च्या आसपास असते. त्वचा गोरी असो वा काळी, त्यात फरक पडत नाही, हे जेम्स हार्डी यांनी १९३४ मध्ये दाखवले.

असे किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे भिंग काचेचे चालत नाही, कारण काच त्यांना अपारदर्शक असते. ते बहुधा जर्मेनियमचे करतात. चष्मा घातलेल्या माणसाच्या उष्णताचित्रात डोळ्यांच्या जागी दोन गार, काळे डाग दिसतात ते याचमुळे. भिंगामागच्या चकतीवर हजारो सूक्ष्म तुकडे असतात. किरण पडले की तुकडा किंचित तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून संगणक त्या बिंदूचे तापमान काढतो. चित्रातले लाल-निळे रंग संगणकाने भरलेले असतात.

येथे संवेदनक्षमता आणि अचूकता हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. साधारण प्रतीचा कॅमेरासुद्धा शेजारच्या दोन बिंदूंमधला एक दशांश अंशाचा फरक ओळखतो. पण त्याने सांगितलेले प्रत्यक्ष तापमान दोन अंशांनीही चुकू शकते. पासंग असलेल्या तराजूवर भाजीचे वजन चुकते, पण एकाच पारड्यात आलटून पालटून ठेवलेल्या दोन जुड्यांपैकी जड कोणती हे बरोबर कळते. तसेच हे आहे. म्हणून २००३ च्या सार्सच्या साथीनंतर ताप-तपासणीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात डोळ्याचा नाकाकडचा आतला कोपरा पाहायला सांगितले आहे. तेथे रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात. शेजारी ठाऊक तापमानाचा एक संदर्भ-पदार्थही ठेवावा लागतो. गर्दीच्या दारात हे कोण पाळणार?

जेथे शरीराची शरीराशीच तुलना होते, तेथे मात्र हे तंत्र खरे उपयोगी पडते. मधुमेहात पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम होत असली तरी दुखत नाही, आणि चिघळलेल्या जखमेपायी पाय कापावा लागण्याची वेळ येते. पण कातडी फुटण्याच्या आधी आतल्या दाहामुळे ती जागा गरम होते. दोन्ही तळव्यांच्या त्याच ठिकाणच्या तापमानांत २.२ अंशांहून अधिक फरक सतत दिसला तर तो धोक्याचा इशारा समजतात. चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवायचे. अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात झालेल्या चाचण्यांत, रोज अशी मोजणी करणाऱ्या रुग्णांना जखमा कमी झाल्या.

स्तनाच्या कर्करोगाबाबत मात्र सावध राहावे. गाठीवरची त्वचा गरम असते हे रे लॉसन यांनी १९५६ मध्ये नोंदवले खरे, पण प्रत्येक गाठ त्वचेला तापवत नाही. मॅमोग्राफीऐवजी उष्णताचित्र चालेल, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

करोनाकाळातला तापमापक शाळेच्या कपाटात पडून असेल तर तो बाहेर काढावा. ‘शरीर’ या स्थितीत तो कपाळाच्या तापमानात आपल्या मनाने भर घालून आतल्या तापमानाचा अंदाज दाखवतो. म्हणून बटण ‘पृष्ठभाग’ या स्थितीवर न्यावे. कपाळ, नाकाचा शेंडा, तळहात, पाऊल यांची मोजणी करून माणसाच्या बाह्याकृतीवर आकडे लिहावेत. मग एक हात दोन मिनिटे गार पाण्यात बुडवून बाहेर काढावा, आणि दर मिनिटाला दोन्ही तळहात मोजून आलेख काढावा. हात आधी नीट पुसावा. ओला राहिला तर बाष्पीभवनाने तो आणखी थंड होत जातो, आणि आलेख नेमका कशाचा निघाला हे सांगता येत नाही.