गुडमार, उंदीर आणि आपली गोळी

काही सभासद विचारतात, गुडमारचा पाला चघळून मधुमेहाची गोळी सोडली तर चालेल का? सह्याद्रीतली ही वेल. पान चावल्यावर साखर वाळूसारखी लागते. (आमच्या कारखान्याला हे परवडणारे नाही!) म्हसकर व कायस यांनी १९३० साली तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे तिच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर उतरली, हेही खरे. पण ते उंदीर मुद्दाम आजारी केलेले. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारतात. बहुतेक रोग्यांच्या अंगात इन्शुलिन असते, शरीर त्याला दाद देत नाही. शिवाय उंदराला अर्क मोजून देतात, आपण मूठभर पाला खातो. गोळी सोडू नका, पाला घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. दोन्ही मिळून साखर फार उतरली तर फडातच घेरी यायची.