मधमाशीच्या पैदाशीत पित्याची निवड

गुरांची जात सुधारावयाची तर वळू कोणता हे शेतकरी ठरवू शकतो. मधपालाला ते सुख नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी मधमाश्या पेट्यांत पाळणाऱ्यास उत्तम वसाहतीतील अळ्यांपासून नव्या राण्या वाढविता येतात. पण राणीचे मीलन पेटीत होत नाही. ती आकाशात झेप घेते, तेथे अनेक नरांशी तिचा संयोग होतो, आणि त्यांचे शुक्रजंतू ती शुक्रकोशात साठवून जन्मभर पुरविते. ते नर कोठले, हे पाळणाऱ्यास कळत नाही. कामकरी माशीला मात्र निम्मा आनुवंशिक वारसा पित्याकडूनच मिळतो.

युरोपात यावर बेटांचा उपाय रूढ झाला. बेटावर केवळ निवडक नरांच्या वसाहती ठेवावयाच्या व कुमारी राण्या तेथे न्यावयाच्या. थोडे अंतर मात्र पुरत नाही. कॅनडात १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे १६ किलोमीटर दूर ठेवलेल्या राण्या व नर यांचेही मीलन झाले होते. सह्याद्रीत तर सातेरी ही रानचीच माशी. झाडांच्या ढोलींत तिची मोहोळे असतात. एवढे रान कोण बंद करणार? निवडक नरांची संख्या भरपूर वाढविली, तर त्यांचा वाटा वाढतो. खात्री मिळत नाही.

निसर्गाने हे कुंपण वेळेचे घातले आहे. श्रीलंकेतील १९७६ सालच्या निरीक्षणांत फुलोरी माशीचे नर भर दुपारी, सातेरीचे चारनंतर आणि आग्या माशीचे दिवस मावळताना उडताना आढळले. ऑस्ट्रेलियातील काही मधपालही निवडक नर व राण्या दिवसभर कोंडून ठेवतात आणि बाहेरचे नर परतल्यावर सोडतात.

खरी खात्री कृत्रिम वीर्यसेचनाने मिळते. वॉटसन यांनी १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत ते करून दाखविले. पण राणीच्या जननमार्गातील पडद्यासारखी घडी वीर्याला अडविते, हे लेडलॉ यांनी १९४४ साली दाखविल्यावरच त्यात हमखास यश येऊ लागले. सातेरीचे काम अधिक नाजूक आहे. नराकडून मिळणारे वीर्य फारच थोडे, म्हणून नर पुष्कळ लागतात.

पण अतिनिवडीतही धोका आहे. राणी व नर यांचे लिंगनिश्चितीचे गुणघटक जुळले, तर त्या नराच्या वाट्याच्या फलित अंड्यांपैकी निम्म्यांतून कामकऱ्यांऐवजी निरुपयोगी नर होऊ लागतात. कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात, असे पोलंडच्या वॉयके यांनी १९६३ साली सिद्ध केले. पोवळ्यात जागोजाग रिकामी घरे दिसू लागतात आणि वसाहत खंगते.

दक्षिण भारतात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. १९९१-९२ पासून थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने कर्नाटक व केरळ येथील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. वाचलेल्यांपासून पैदास करावयाची, तर रोगाला तोंड देणाऱ्या एकाच वसाहतीचे नर पुरत नाहीत. ते दूरदूरच्या, परस्परांशी नाते नसलेल्या अनेक वसाहतींतून गोळा करावे लागतात.