तीन फळ्या, एक दांडा आणि पवईची कार्यशाळा

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती जाऊन टॉवर उभे राहू लागले, तसा एक उद्योग इथे मजल्यामजल्यावर सुरू झाला. घराचा ताबा मिळाला की आधी प्लायचे आठ बाय चारचे तक्ते वर चढतात. मग दोन-तीन कारागीर हॉलमध्येच मुक्काम टाकतात आणि महिना-दीड महिना सगळा मजला भुशाने आणि फेविकॉलच्या वासाने भरून जातो. कारागीर बहुधा उत्तर प्रदेशातले किंवा राजस्थानातले, आणि हात पक्का तयार असलेले. पण त्यांच्यासमोर आराखडा कोणता असतो? मोबाइलवर आलेला, कुणाच्या तरी मोठ्या घराचा फोटो. लाखालाखांचं हे काम, पण ते आधी कागदावर, मग मापात आणि मग हातात नीट उतरवणारा माणूस बहुतेक घरांत नसतोच.

असा माणूस घडवणारी एक जागा आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ठाण्याहून धीमी लोकल पकडली की मुलुंड, नाहूर, भांडुप आणि चौथं कांजूरमार्ग. तिथून पवईला आयआयटी. इंजिनिअरिंगसाठी हे नाव घराघरांत घेतलं जातं, पण त्याच आवारात १९६९पासून इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर चालतं, हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. सगळे त्याला आयडीसी म्हणतात. खुर्ची, कपाट, टेबल, हातगाडी, दवाखान्यातली खाट अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा विद्यापीठाच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्या देशातल्या पहिल्या काही संस्थांपैकी ही एक.

आयडीसीच्या उभारणीतलं मोठं नाव प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते साठच्या दशकात जर्मनीतल्या उल्म इथल्या डिझाइनच्या शाळेत गेले. परतल्यावर काही वर्षं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, शिकवलं आणि मग पवईला आले. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाइन विभागही त्यांनीच उभा केला. उल्मची शाळा १९५३ ते १९६८ अशी जेमतेम पंधरा वर्षं चालली, पण तिथला एक स्टूल आजही फर्निचर शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने समोर ठेवून बघावा असा आहे.

हा स्टूल १९५४चा. शाळेचे पहिले प्रमुख माक्स बिल, त्यांचे सहकारी हान्स गुगेलोट आणि कार्यशाळेचे पाउल हिल्डिंगर यांनी मिळून तो केला. शाळेकडे पैसे नव्हते आणि बसायला काहीतरी हवं होतं. स्प्रूसच्या तीन फळ्या घेतल्या, एक आडवी आणि दोन उभ्या. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे त्यांचे कोपरे खाचा पाडून जोडले. खाली दोन्ही उभ्या फळ्यांमधून एक गोल दांडा घातला. जमिनीला टेकणाऱ्या कडा झिजू नयेत म्हणून तिथे कठीण बीच लाकडाच्या पट्ट्या लावल्या. झालं. उभा ठेवला की एक उंची, आडवा ठेवला की दुसरी. टेबलावर ठेवला की भाषणाचा मंच, उलटा धरला की पुस्तकं न्यायची पेटी. आणि तो दांडा? तो स्टूल डगमगू देत नाही आणि उचलायला मूठही तोच. शोभेसाठी त्यात काहीही नाही, तरी तो देखणा आहे. माझ्या मते फर्निचर डिझाइनचा निम्मा अभ्यासक्रम या एका वस्तूत बसतो.

उरलेला निम्मा माणसाच्या शरीरात आहे. बाजारातल्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. कमी उंचीच्या बाईचे पाय त्या खुर्चीवर टेकत नाहीत, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि थोड्या वेळात पायाला मुंग्या येतात. ओट्याचंही तेच. पोळ्या लाटताना ओटा कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवा, पण तो बांधताना घरात पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीचं कोपर कुणी मोजत नाही. अशा मापांचा भारतीय शरीरांवरून केलेला संग्रह देबकुमार चक्रवर्ती यांनी तयार केला आणि एनआयडीने तो १९९७मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी डिझाइनरांना बरीचशी परदेशी मापंच वापरावी लागत.

मग येतं उत्पादन, आणि इथे हिशेब कच्चा असून चालत नाही. प्लायचा तक्ता २४४० बाय १२२० मिलिमीटरचा. शेल्फची खोली ४०० मिलिमीटर धरली, तर तक्त्याच्या रुंदीत तीन पट्ट्या निघतात आणि करवतीच्या पात्याने खाल्लेले सात-आठ मिलिमीटर जाऊनही थोडी जागा उरते. खोली ४१० केली की तीन पट्ट्यांचेच १२३० होतात, म्हणजे दोनच निघतात आणि तिसरीसाठी नवा तक्ता. एका सेंटिमीटरने खर्च कुठल्या कुठे जातो. घरातल्या एका कपाटात हे खपून जातं, कारखान्यात हजार कपाटं करताना धंदा बसतो. ऑस्ट्रियाच्या मिखाएल टोनेटने १८५९मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची १४ नंबरची खुर्ची केली, तीही याच हिशेबावर. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. तुर्भ्याला २०२० साली आलेल्या आयकियात सपाट खोकी मिळतात, त्यांचा वंश थेट तिथवर जातो.

उत्पादनाचा धडा मराठी घरांना तसा परका नाही. कांजूरमार्गच्या पुढचंच स्टेशन विक्रोळी. १९२३पासून पोलादी कपाटं बनवणाऱ्या गोदरेजचा मोठा कारखाना तिथला. लग्नात मुलीला दिलेलं ते कपाट पन्नास वर्षांनीही कुरकुर न करता उघडतं, यामागे पत्रा कुठे वाकवायचा आणि बिजागरी कुठे बसवायची याचा कुणीतरी केलेला नेमका विचार आहे.

आयडीसीत फर्निचर अशी स्वतंत्र शाखा मात्र नाही. तिथे ते इंडस्ट्रियल डिझाइनच्या पोटात येतं. प्रा. ए. जी. राव यांनी तिथे बांबूवर केलेलं काम प्रसिद्ध आहे, आणि बांबूचं फर्निचर करणारं कुडाळचं कोनबॅक पाहिलं की कोकणच्या मुलांसाठी ही वाट किती मोलाची आहे ते कळतं. फर्निचर याच नावाची पदवी हवी असेल तर एनआयडी अहमदाबादला फर्निचर आणि इंटिरियर डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. जपानी वंशाचे अमेरिकन लाकूड-कलावंत जॉर्ज नाकाशिमा १९६४मध्ये तिथे आले होते. त्यांनी केलेलं फर्निचर संस्थेच्याच कार्यशाळेत घडलं.

एका गोष्टीची मला मनापासून खंत आहे. आयटीआयच्या सुतारकामाच्या एका वर्षात मुलगा रंधा, पटाशी आणि गुण्या हाताळायला शिकतो. डिझाइनचा विद्यार्थी माप, साहित्य आणि माणूस समजून घेतो. ही दोन मुलं शिकताना एकमेकांना भेटतच नाहीत. वागळे इस्टेट आपल्या शेजारी आहे, उल्हासनगरचा फर्निचर बाजार कल्याणच्या पलीकडेच आहे. आयटीआयची पोरं आणि डिझाइनची पोरं वर्षातून काही आठवडे एकाच बाकावर काम करतील, असं काहीतरी ठाणे जिल्ह्यात व्हायलाच हवं. ते जोवर होत नाही, तोवर आपल्या घरांतलं फर्निचर मोबाइलच्या फोटोवरूनच होत राहणार.

घरात बारावीचं मूल असेल आणि त्याला वस्तू खोलून बघायची सवय असेल, तर एवढं लक्षात ठेवा. आयडीसीच्या बी.डेस.साठी यूसीड ही परीक्षा असते. शाखा कोणतीही चालते, कला आणि वाणिज्यसुद्धा. परीक्षा जानेवारीत असते आणि तिच्यात चित्र काढावं लागतं. पदवीनंतर एम.डेस. करायचं असेल तर सीड. एनआयडीची परीक्षा वेगळी. क्लास लावायचा की नाही ते नंतर ठरवा. त्याआधी शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या कारागिराला विचारून मुलाला आठवडाभर त्याच्या हाताखाली उभं करा, आणि रोज संध्याकाळी त्या दिवशी बनलेल्या वस्तूचं मापांसकट चित्र काढायला लावा.